‘टेन्शन’ आणि हृदयविकाराचा झटका : ताणाचा हिशेब मांडून जोखीम कशी कमी करावी

पन्नाशीच्या आतबाहेरच्या माणसाला झटका आला की रुग्णालयात भेटायला येणारे पहिला प्रश्न विचारतात, ‘कसलं टेन्शन होतं का?’ आणि निघताना बजावून जातात, ‘आता कशाचंही टेन्शन घ्यायचं नाही हं.’ दोन्ही वाक्यांत थोडे तथ्य आहे, पण रुग्णाला दोन्हींचा उपयोग नाही. पहिल्या वाक्याच्या आडून तंबाखू, साखर आणि वर्षानुवर्षे न मोजलेला रक्तदाब सहीसलामत निसटतात. दुसऱ्या वाक्यात ताण म्हणजे दुकानातून घ्यावी किंवा न घ्यावी अशी वस्तू आहे असे गृहीत धरलेले असते. या लेखात ताणाकडे रक्तदाबासारखे पाहिले आहे, म्हणजे मोजता येणारी, वहीत लिहिता येणारी, काही अंशी कमी करता येणारी आणि गरज पडल्यास उपचार करून घेण्याची जोखीम म्हणून.

ही जोखीम किती मोठी आहे, ते आधी पाहू. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासात भारताचाही समावेश होता. त्याच्या ताणाविषयीच्या भागात पहिला झटका आलेल्या ११,११९ रुग्णांची तुलना झटका न आलेल्या १३,६४८ व्यक्तींशी करण्यात आली. घरी किंवा कामावर सतत ताण असल्याचे सांगणाऱ्यांमध्ये झटक्याची शक्यता सुमारे दुप्पट आढळली. ताण, नैराश्य, आयुष्यातील मोठे आघात आणि परिस्थितीवर आपला ताबा नसल्याची भावना हे सर्व घटक एकत्र धरले, तर ती सुमारे २.७ पट भरली. धूम्रपानासाठी त्याच अभ्यासात हा आकडा सुमारे २.९ होता. मात्र येथे एक सावधगिरी हवी. हे प्रश्न झटका येऊन गेल्यावर विचारलेले होते, आणि आजारी पडलेला माणूस कारण शोधताना गेल्या वर्षातले कष्ट अधिक ठळकपणे आठवतो. निरोगी नोकरदारांना आधी प्रश्न विचारून नंतर अनेक वर्षे त्यांचा मागोवा घेणाऱ्या युरोपातील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये आले. सुमारे दोन लाख लोकांच्या त्या विश्लेषणात कामाच्या ताणामुळे वाढणारी जोखीम २३ टक्के निघाली. माझ्या मते प्रामाणिक उत्तर या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठेतरी आहे: ताणाचा धोका खरा आहे, पण तो एकट्याने क्वचितच काम करतो.

आपल्यासाठी आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. इंटरहार्टमध्ये दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता, तर इतरांना जवळजवळ ५९व्या वर्षी. गृहकर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणे आणि आईवडिलांची आजारपणे एकाच वेळी अंगावर येतात ते नेमके हेच वय.

पायरी १ : छातीतले दुखणे ‘टेन्शन’च्या नावावर घालू नका

ताणाविषयीचे सर्व सल्ले नंतर. जीव वाचवणारा नियम आधी. छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे, दुखणे डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात उतरणे, दरदरून घाम, धाप, मळमळ यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले आणि काही मिनिटांत ओसरले नाही, तर तो झटका आहे असे समजूनच वागावे. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत फारसे न दुखता केवळ धाप, कमालीचा थकवा किंवा मळमळ एवढेच लक्षण असू शकते. ‘काल भांडण झाले, त्याचेच आहे’ किंवा ‘गॅस झाला असेल’ असे म्हणत सोडा-लिंबू पिण्यात जाणारा वेळ हृदयाच्या स्नायूच्या हिशेबाने फार महाग पडतो. अतितीव्र चिंतेच्या झटक्यात, ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात, छातीत धडधड, घाम आणि मरणाची भीती अशीच लक्षणे दिसतात. घरी बसून या दोहोंत फरक करता येत नाही, डॉक्टरांनाही ईसीजीशिवाय येत नाही.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः दुचाकी किंवा गाडी चालवत जाऊ नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवर डॉक्टरांना विचारून ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खावी. गिळण्यापेक्षा चावल्याने ती लवकर लागू पडते. जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेट ही रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी मात्र ती आपल्या डॉक्टरांनी आपल्यासाठी लिहून दिलेली असेल तरच घ्यावी. व्हॉट्सॲपवर ती घरोघरी ठेवण्याचे सल्ले फिरत असतात, पण आधीच खाली गेलेला रक्तदाब तिच्यामुळे धोकादायक पातळीवर उतरू शकतो, आणि लैंगिक दुर्बलतेवरील औषध घेतलेल्या पुरुषाच्या बाबतीत हा धोका आणखी वाढतो. रुग्णालयात पहिला ईसीजी ठीक आला म्हणून लगेच घरी परतू नये. लक्षणे संशयास्पद असतील तर काही वेळाने पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी करावी लागते, कारण सुरुवातीच्या काळात दोन्ही निर्दोष दिसू शकतात.

पायरी २ : ताण हृदयापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो ते समजून घ्या

ही पायरी केवळ माहितीसाठी नाही. वाट कळली नाही तर अडसर कुठे घालायचा ते कळत नाही.

पहिली वाट मिनिटांची आहे. भीती, संताप किंवा धक्का बसताच ॲड्रिनलिन वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतात, रक्तातील बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटू लागतात आणि आतून खराब झालेली हृदयधमनी रुंदावण्याऐवजी आकसते. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचलेला असेल आणि त्यावरचे आवरण पातळ असेल, तर अशा क्षणी ते फाटते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे लॉस एंजेलिस परिसरात नॉर्थरिजचा भूकंप झाला, तेव्हा हृदयविकाराने होणारे अचानक मृत्यू एरवीच्या रोजच्या सरासरी ४.६ वरून त्या दिवशी २४ वर गेले. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे पुढच्या काही दिवसांत हा आकडा नेहमीच्या सरासरीच्याही खाली आला. म्हणजे ज्यांच्या धमन्या आधीच काठावर होत्या, त्यांना भूकंपाने त्या दिवशी ढकलले. चुलीत लाकडेच नसतील तर ठिणगीने जाळ होत नाही, आणि आपला खरा ताबा लाकडांवर, म्हणजे रक्तदाब, साखर, तंबाखू यांसारख्या आधीच साचत गेलेल्या जोखमींवर आहे.

दुसरी वाट वर्षांची आहे. ताण हटतच नाही तेव्हा कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक आणि त्याचे साथीदार वाढलेलेच राहतात. साखर चढते, चरबी पोटाभोवती जमते, रक्तदाब रात्रीही पुरेसा उतरत नाही आणि धमन्यांच्या भिंतींत मंद दाह चालू राहतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २९३ जणांच्या मेंदूतील अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, किती सक्रिय आहे ते स्कॅनवर मोजले होते. तो जितका सक्रिय, तितकी अस्थिमज्जेतील (हाडांच्या मगजातील) सक्रियता आणि धमन्यांतील दाह अधिक दिसला, आणि पुढील वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकारही अधिक झाले.

तिसरी वाट आपल्या हातांतून आणि तोंडातून जाते. ताणातला माणूस एक सिगारेट जास्त ओढतो, तंबाखूची पुडी सोडायची म्हणतो आणि पुढच्या महिन्यावर ढकलतो, गावाकडची बाई मशेरी थोडी अधिक वेळ लावते, जेवण रात्री साडेदहाला होते, चालणे बंद पडते आणि रक्तदाबाची गोळी ‘आज राहिली’ म्हणून राहते. मला ही तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ताण तसाच असतानाही ती बंद करता येते.

एक अपवाद येथेच नोंदवून ठेवतो. जपानमध्ये १९९० साली वर्णन झालेल्या ‘ताकोत्सुबो’ या विकारात मोठ्या मानसिक आघातानंतर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो. ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा आकार दिसतो म्हणून हे नाव पडले. लक्षणे आणि ईसीजी झटक्यासारखेच असतात, पण धमनीत त्याला कारणीभूत ठरेल असा अडथळा सापडत नाही. तो मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना होतो आणि बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. तरीही त्याचे निदान अँजिओग्राफीनंतरच होते, म्हणून पहिल्या पायरीत काहीही बदल होत नाही.

पायरी ३ : चार प्रश्न आणि एक वही

मराठीत ‘टेन्शन’ हा शब्द चिंता, राग, दुःख, दमणूक आणि कधीकधी वाढलेला रक्तदाब या सगळ्यांसाठी वापरला जातो. उपचार मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून आधी ते वेगळे करावे लागतात. इंटरहार्टमध्ये ताणाची व्याख्या अगदी साधी होती: कामाच्या किंवा घरच्या परिस्थितीमुळे चिडचिड होणे, मनात काळजी दाटून राहणे किंवा झोप न लागणे. स्वतःला विचारावे की गेल्या वर्षभरात कामावर असे कधीच झाले नाही, अधूनमधून झाले, अनेकदा झाले की सतत होते? घरच्या बाबतीत काय? पैशाची ओढाताण नाममात्र आहे, मध्यम आहे की तीव्र? आणि वर्षभरात जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, मोठे आजारपण, घटस्फोट, नोकरी जाणे, धंद्यात खोट किंवा पीक बुडणे असे काही घडले का? ‘सतत’ हे उत्तर एका जरी ठिकाणी आले, तर ते डॉक्टरांना साखरेच्या आकड्याइतक्याच स्पष्टपणे सांगावे. डॉक्टर स्वतःहून विचारतील याची वाट पाहू नये, कारण गर्दीच्या ओपीडीत तो प्रश्न बहुधा राहून जातो.

त्यानंतर दोन आठवडे एका वहीत रोज तीन ओळी लिहाव्यात: आज सर्वांत जास्त ताण कधी आला, तेव्हा मी काय केले, आणि काल रात्री किती तास झोपलो. मधली ओळ कळीची आहे. ‘साहेब ओरडले’ ही घटना आपल्या हातात नसते. ‘खाली जाऊन दोन सिगारेटी ओढल्या’ ही असते.

पायरी ४ : ताणाबरोबर लाकडेही मोजा

घरच्या घरी रक्तदाब मोजण्यासाठी दंडावर बांधायचे स्वयंचलित यंत्र घ्यावे, मनगटावरचे नको. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, पाठ टेकून व पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, बोलू नये, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सकाळी व संध्याकाळी सात दिवस करून पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा अधिक असेल तर डॉक्टरांकडे जावे. भांडणानंतर मोजलेला एकच आकडा पाहून घाबरूही नये आणि ‘तेव्हा टेन्शन होते म्हणून वाढला’ असे म्हणून तो पुसूनही टाकू नये. सात दिवसांची सरासरी याच वादाचा निकाल लावते.

याखेरीज उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी), कोलेस्टेरॉलची सर्व अंगे आणि कमरेचा घेर हे आकडे वहीत हवेत. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वरचा घेर धोक्याचा मानतात. वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तेही लिहावे.

पायरी ५ : तिसरी वाट आधी बंद करा

येथे क्रम महत्त्वाचा आहे. ताण कमी झाला की तंबाखू सोडू, असे ठरवणारा माणूस बहुधा दोन्ही गोष्टी करत नाही. निकोटिनने ताण उतरल्यासारखे वाटते ते बरेचसे निकोटिनचीच तलफ भागल्यामुळे, आणि तंबाखू सोडलेल्यांची अस्वस्थता काही आठवड्यांनंतर आधीपेक्षाही कमी झालेली आढळते. पहिले काही आठवडे जड जातात, तेव्हा निकोटिनचे च्युइंगगम किंवा पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरण्यात कमीपणा नाही.

औषधांच्या बाबतीत नियम असा की ताणाच्या काळात गोळ्यांची जबाबदारी आठवणीवर सोडू नये. आठवड्याच्या खणांची डबी भरावी आणि घरातल्या एका माणसाला ती दाखवावी. बीटा-ब्लॉकर गटातली (नाडी व रक्तदाब कमी ठेवणारी) गोळी अचानक थांबवली तर नाडी व रक्तदाब उसळून झटकाही येऊ शकतो. ‘बरे वाटते आहे’ म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.

झोप ही अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या आठ मुख्य बाबींत समाविष्ट केली. प्रौढांसाठी सात ते नऊ तास सांगितले आहेत. पहाटेची लोकल पकडणाऱ्याला हे ऐकून हसू येईल, हे मला ठाऊक आहे. त्याने निदान उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी आणि रात्रीचा अर्धा तास मोबाइलकडून परत घ्यावा. जोरात घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाने मात्र झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करून घ्यावी, कारण त्याचा ‘ताण’ कदाचित ताण नसून हाच विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, असेल.

पायरी ६ : परिस्थितीतील एक तरी गोष्ट बदला

ताण म्हणजे केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे, हे लंडनच्या सरकारी नोकरांवरील व्हाइटहॉल अभ्यासांनी दाखवून दिले. ब्रिटिश संशोधक मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १०,३०८ कर्मचारी होते. ज्यांना आपल्या कामाचा क्रम, गती आणि पद्धत ठरवण्याची मुभा कमी होती, त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. वरच्या खुर्चीवरच्या साहेबाला ताण जास्त, हा आपला लाडका समज तेथे टिकला नाही.

म्हणून वही पुढे ठेवून विचार करावा की कामाचा बोजा कमी होणार नसेल, तर ताबा थोडा वाढवता येईल का. दिवसाच्या कामांचा क्रम आपण ठरवणे, रात्री नऊनंतरचे संदेश दुसऱ्या दिवशी पाहण्याचे वरिष्ठांशी बोलून ठरवणे, पाळ्यांचे वेळापत्रक आधी मागून घेणे या गोष्टी लहान वाटतात, पण त्या नेमक्या याच जागी हात घालतात. कामाचे तास मात्र एका मर्यादेपुढे गेले तर तडजोड चालत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के आणि पक्षाघाताचा धोका ३५ टक्के अधिक असतो.

पैशाच्या ताणावर ध्यानधारणा सुचवणे मला अप्रस्तुत वाटते. तेथे सर्व कर्जांची रक्कम, व्याज आणि मुदत एका कागदावर लिहून तो कागद जोडीदाराला दाखवणे ही पहिली कृती होय. लपवलेले कर्ज दोनदा छळते. उपचारांच्या खर्चाची भीती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला समावेश आहे का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे झटका येण्यापूर्वीच करून ठेवावी. अंथरुणाला खिळलेल्या सासू-सासऱ्यांची सेवा एकटीने करणाऱ्या सुनेला आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या मिळतील, अशी वाटणी भावंडांनी करणे हाही हृदयविकार टाळण्याचाच उपाय आहे, जरी कोणी तसे म्हणत नसले तरी.

पायरी ७ : रोजचा सराव, आणि त्याच्याकडून माफक अपेक्षा

आठवड्याला १५० मिनिटे झपाट्याने चालणे हे ताणावरचे आणि धमन्यांवरचे असे दुहेरी औषध आहे. त्याच्या जोडीला दिवसातून दोनदा पाच मिनिटे संथ श्वसन करावे: चार सेकंद श्वास घ्यावा, सहा सेकंद सोडावा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास कोंडून धरू नये.

योगाविषयी भारतातच मोठा अभ्यास झाला आहे. ‘योगा-केअर’ या २४ केंद्रांवरील चाचणीत झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांचा समावेश होता आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योगावर आधारित पुनर्वसनाने रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते नेहमीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात मात्र निर्णायक घट सिद्ध झाली नाही. तेव्हा योग अवश्य करावा, पण त्याच्या भरवशावर कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सोडू नये.

पायरी ८ : नैराश्य असेल तर त्याला ताण म्हणू नका

गेल्या दोन आठवड्यांत कामांत रस किंवा आनंद न वाटणे, आणि उदास, खचलेले किंवा हताश वाटणे, हे किती वेळा झाले? प्रत्येक प्रश्नाला ‘मुळीच नाही’ म्हणजे ०, ‘काही दिवस’ म्हणजे १, ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ म्हणजे २ आणि ‘जवळजवळ रोज’ म्हणजे ३ असे गुण द्यावेत. बेरीज ३ किंवा अधिक आली तर डॉक्टरांना भेटून पुढची तपासणी करून घ्यावी. जगणे नकोसे वाटत असेल, तर बेरजेची वाट न पाहता घरच्यांना सांगावे आणि ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

झटक्यानंतर येणारे नैराश्य ‘साहजिकच आहे’ म्हणून सोडून दिले जाते. त्यात माणूस गोळ्या चुकवतो, चालणे टाळतो आणि फेरतपासणीला जात नाही. हृदयरुग्णांना सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरील औषधे सुरक्षितपणे देता येतात, जुन्या ट्रायसायक्लिक गटातील औषधे मात्र सहसा टाळतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना हृदयाच्या सर्व गोळ्यांची यादी सोबत न्यावी. नैराश्यावरील उपचारांनी पुढचा झटका टळतोच असे सर्व चाचण्यांत दिसलेले नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,४८१ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत मनःस्थिती सुधारली, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. याउलट स्वीडनमधील उप्साला येथील ३६२ रुग्णांच्या चाचणीत वर्षभर गटाने दिलेल्या ताण-व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणानंतर पुन्हा झटका येण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. मनःस्थिती सुधारणे हे तसेही उपचार घेण्याचे स्वतःच पुरेसे कारण आहे.

पायरी ९ : धोक्याचे दिवस ओळखा

संतापाच्या उद्रेकानंतरचे दोन तास हे झटक्याच्या दृष्टीने जोखमीचे असतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असे त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविषयक आणीबाणीचे प्रसंग २.६६ पट झाले, आणि आधीपासून हृदयविकार असलेल्यांत ही वाढ अधिक होती. क्रिकेटच्या अंतिम षटकापर्यंत टीव्हीसमोर उभे राहणाऱ्या हृदयरुग्णाने निदान त्या रात्रीची गोळी सामन्यापूर्वी घ्यावी.

सर्वांत मोठा धोका शोकाचा आहे. जवळची व्यक्ती गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत झटक्याची जोखीम सुमारे २१ पट आणि पहिल्या आठवड्यात सुमारे सहा पट असल्याचे २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. एरवीची जोखीम अल्प असल्याने प्रत्यक्षात झटका फार थोड्यांना येतो, पण आपल्याकडच्या तेराव्यापर्यंतच्या दिवसांची रचना पाहिली तर त्या थोड्यांचे काय होत असेल ते दिसते. जागरण, उपास, पाहुण्यांची वर्दळ, अंत्यसंस्काराची धावपळ, आणि गोळ्यांची डबी कुठल्या कपाटात आहे हे कोणालाच ठाऊक नसणे. त्या घरातील हृदयरुग्णाच्या, मधुमेहीच्या आणि वृद्धाच्या औषधांची, पाण्याची व झोपेची जबाबदारी पहिल्याच दिवशी एका भाच्याकडे किंवा शेजाऱ्याकडे नावानिशी सोपवावी. ‘मला काही नको’ असे ती व्यक्ती म्हणणारच. तरीही गोळी हातात द्यावी, आणि तिला छातीत दुखू लागले तर ‘रडून रडून झाले असेल’ असे कोणालाही म्हणू देऊ नये.

तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडून तेच चार प्रश्न, नैराश्याच्या दोन प्रश्नांचे गुण आणि सात दिवसांचा रक्तदाब पुन्हा लिहावा, आणि जुनी व नवी पाने शेजारी ठेवून ती डॉक्टरांसमोर धरावीत.